शहाण्याने कोर्टाची पायरी केव्हा चढावी?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांसमोर बांधाच्या भांडणात तीन पिढ्या झिजवणारे शेतकरी असावेत. त्यांच्यापुरती ती खरी आहे. फूटभर बांधासाठी अख्खी वाडी गहाण टाकणारी कुटुंबे आमच्या वसईच्या बागायतीतही होऊन गेली. परंतु तीच म्हण मार खाऊन माहेरी परतलेल्या मुलीला ऐकवली जाते, तेव्हा तिच्यातले शहाणपण निघून जाते. ज्याच्या हाती घर, पैसा आणि मुले आहेत, त्याच्या सोयीचे ते एक वाक्य उरते. ही म्हण सांगणाऱ्यांत घरची वडीलधारी माणसे असतात, गावचे पंच असतात आणि आम्हां धर्मगुरूंपैकीही काही जण असतात. त्या सर्वांशी माझे भांडण आहे.

माझे म्हणणे असे की, कुटुंबाविषयीचा कायदा समजून घेणे आणि वेळ असताना चांगल्या वकिलाचा उंबरठा गाठणे यात ख्रिस्ती विवाहाचा कोणताही अपमान नाही. उलट कोर्टाची भीती धार्मिकतेचा झगा पांघरून आपल्या घराघरांत बसली आहे, आणि तिची किंमत बहुधा स्त्रिया व लहान मुले मोजत आहेत.

हे घडते कसे ते पाहा. नवराबायकोचे पटेनासे होते. वर्ष-दोन वर्षे कोणी बोलत नाही. मग एके दिवशी दोन्हीकडची दहा माणसे ओसरीवर बसतात, चहा होतो, दोष वाटले जातात आणि 'आता ज्याने त्याने आपापल्या वाटेने जावे' असे ठरते. कोणीतरी जाणता माणूस स्टॅम्पपेपर आणतो. त्यावर दोघांच्या सह्या, चार साक्षीदार आणि खाली नोटरीचा गोल लाल शिक्का. सगळ्यांना वाटते, अब्रू राखून प्रकरण मिटले. परंतु ख्रिस्ती विवाहाच्या बाबतीत त्या कागदाला घटस्फोट म्हणून कायद्यात काडीचीही किंमत नाही. नोटरी फक्त सही कोणाची याची साक्ष देतो. विवाह मोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. पुढे तो पुरुष दुसरा संसार थाटतो आणि काही वर्षांनी निवर्ततो. मग निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात एकाच माणसाच्या दोन विधवा कागद घेऊन उभ्या राहतात. कायद्याच्या लेखी पहिलीच पत्नी असते. दुसरीला, जिने त्याचे आजारपण काढलेले असते, कारकून म्हणतो, 'तुमचे लग्नच झालेले नाही.' ओसरीवर चहा पिऊन गेलेल्या दहा माणसांपैकी त्या वेळी एकही सोबत नसतो.

या गोंधळाचे मूळ एका अज्ञानात आहे. आपला विवाह वेदीसमोर एकाच क्षणी होतो, पण त्या क्षणी दोन नाती जुळतात. एक संस्काराचे, आणि दुसरे नागरिक म्हणून. मिस्सा संपल्यावर वधूवर ज्या नोंदवहीत सही करतात, ती काही केवळ धर्मग्रामाची आठवणवही नव्हे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमानुसार विवाह लावणारा धर्मगुरू त्या वेळी राज्याचेही काम करीत असतो. जे नाते दोन ठिकाणी नोंदले गेले, त्याचा निवाडाही दोन ठिकाणी व्हावा लागतो.

'चर्चचा घटस्फोट मिळाला' असे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. त्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की, चर्च घटस्फोट देतच नाही. धर्मप्रांताचे न्यायाधिकरण पुरावे तपासून एवढेच सांगते की, हा विवाह आरंभापासूनच वैध रीतीने बांधला गेला नव्हता. दुसरी चूक त्याहून महाग पडते. न्यायाधिकरणाचा हा निर्णय दिवाणी कायद्यात विवाह संपवीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली केरळातील एका प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. पुढे चर्चच्या निर्णयांना दिवाणी मान्यता मिळावी म्हणून केलेली याचिकाही त्याच न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. तेव्हा केवळ न्यायाधिकरणाचे पत्र खिशात घालून जो दुसरा विवाह करतो, तो राज्याच्या दृष्टीने पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करतो. भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. (गोव्यातील आपल्या बांधवांचा विवाहाचा कायदा पोर्तुगीज काळापासून निराळा आहे, हे विवेचन त्यांना जसेच्या तसे लागू नाही.)

येथे कोणी म्हणेल, मग न्यायाधिकरणाने दिलेल्याच कारणांवरून कोर्टातही विवाह शून्य ठरवून घ्यावा. तसे होत नाही. आमच्या धर्मविधीत १०९५ व्या कलमाखाली मानसिक असमर्थता हे शून्यतेचे फार मोठे कारण आहे. १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात शून्यतेची कारणे मोजकी आहेत: नपुंसकत्व, निषिद्ध नाते, लग्नाच्या वेळचे वेड, आधीचा जोडीदार हयात असणे, शिवाय संमती फसवणुकीने वा जबरदस्तीने घेतली गेली असल्यास. 'संसाराची जबाबदारी पेलण्याइतकी परिपक्वता नव्हती' हे कारण तेथे चालत नाही. म्हणून चर्चमध्ये ज्याला शून्यता मिळते, त्याला कोर्टात बहुधा घटस्फोटच मागावा लागतो. हे दोन मार्ग कोठे समांतर जातात आणि कोठे फुटतात, कोणता अर्ज आधी करावा आणि एका ठिकाणी दिलेली जबानी दुसऱ्या ठिकाणी कशी वाचली जाईल, हे सांगायला धर्मविधी आणि दिवाणी कायदा या दोन्हींची जाण लागते. ती ओसरीवर मिळत नाही.

आता धार्मिक आक्षेपाकडे वळतो. कारण माझे काही ज्येष्ठ बंधू तोच पुढे करतात. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, भावाने भावाला परक्या न्यायासनासमोर खेचावे याबद्दल त्यांची कानउघाडणी केली आहे. हा उतारा आमच्या तोंडी फार लवकर येतो. पण पौल तेथे कोणावर रागावला आहे ते नीट वाचावे. जे बंधू असून एकमेकांना लुबाडतात त्यांच्यावर त्याचा रोष आहे. लुबाडल्या गेलेल्या विधवेला त्याने गप्प बसायला सांगितलेले नाही. आणि स्वतः पौलाने काय केले? यरुशलेमेत फटके मारण्यासाठी त्याला बांधले, तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले. फेस्तासमोर न्याय मिळत नाही असे दिसताच तो कैसरापाशी न्याय मागता झाला. प्रेषितांच्या कृत्यांत हे सारे लिहून ठेवले आहे. ज्या प्रेषिताने स्वतःच्या पाठीवरचे फटके कायद्याने टाळले, त्याचे नाव घेऊन आपण दुसऱ्याच्या लेकीला फटके सोसायला सांगावे काय?

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत आपल्या गावकीपेक्षा पुष्कळ सहृदय आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २३८३ व्या परिच्छेदाचा आशय असा: काही न्याय्य हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांच्या रक्षणाचा दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन केला जाऊ शकतो आणि त्यात नैतिक अपराध होत नाही. संस्काराचे बंधन त्याने तुटत नाही, हे उघडच आहे. परंतु ज्या स्त्रीने केवळ असा हुकूमनामा घेतला आणि पुनर्विवाह केला नाही, तिला ख्रिस्तप्रसाद घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. तरीही ती वेदीकडे निघाली की बाकांवरच्या माना वळतात. त्या वळणाऱ्या मानांना धर्मशिक्षण द्यायचे राहून गेले आहे.

शिवाय घटस्फोट हाच एक पर्याय असतो असेही नाही. घटस्फोट अधिनियमाच्या २२ व्या कलमात न्यायिक विभक्ततेची तरतूद आहे. व्यभिचार, क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग सिद्ध झाल्यास न्यायालय पतिपत्नींना वेगळे राहण्याचा हुकूम देते. विवाह मात्र कायम राहतो. त्यानंतर पत्नी जे मिळवील ते तिचे स्वतःचे असते. ज्या कॅथलिक स्त्रीला संस्काराचे बंधन मोडायचे नाही, पण मारहाणीच्या घरात राहणेही शक्य नाही, तिच्यासाठी ही तरतूद जणू बेतून केलेली आहे. आपला धर्मविधीही जोडीदारापासून जिवाला वा मनाला गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास मुभा देतो. राज्याचा कायदा आणि ख्रिस्तसभेचा कायदा येथे हातात हात घालून उभे आहेत, आणि आमच्या पंचांना दोन्हींची गंधवार्ता नाही. ते एकच जाणतात: 'जा बाय, घरी जा, होईल सगळं नीट.'

थोडा इतिहासही सांगायला हवा. १८६९ चा कायदा इंग्रजांनी केला, आणि तो ख्रिस्ती स्त्रीवर उघड अन्याय करणारा होता. पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवला की पुरे असे. पत्नीने मात्र पतीचा व्यभिचार सिद्ध करून त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग यांसारखे आणखी एखादे कारणही सिद्ध करावे, असा दंडक होता. नुसत्या मारहाणीला घटस्फोट नव्हता. जिल्हा न्यायाधीशाने तो दिलाच, तर उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचे शिक्कामोर्तब होईपर्यंत वर्षामागून वर्षे जात. पतीला पत्नीच्या जाराकडून नुकसानभरपाई मागता येई. जणू बायको म्हणजे कोणी नासवलेली मालमत्ता! स्वतंत्र भारतात हा कायदा अर्धशतक तसाच राहिला. तो हलला तो न्यायालयांत गेलेल्या ख्रिस्ती स्त्रियांमुळे. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यातील भेदभावाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मग संसदेने २००१ साली दुरुस्ती केली, कारणे स्त्रीपुरुषांना समान केली आणि परस्परसंमतीची वाट उघडली. त्या स्त्रियांना त्यांच्या त्यांच्या गावात कोणीतरी ती म्हण ऐकवली असणारच. त्यांनी ती मानली असती, तर आजही आपल्या मुली एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याखाली राहिल्या असत्या.

'पण फादर, कोर्टात गेलं की घर मोडलंच!' हा दुसरा मोठा आक्षेप. कौटुंबिक न्यायालय आतून न पाहिलेला माणूसच असे म्हणू शकतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने न्यायाधीशावर पहिले कर्तव्य कोणते घातले आहे? समेट शक्य असेल तर तो घडवून आणण्याचा प्रयत्न करण्याचे. तेथे समुपदेशक नेमलेले असतात आणि वाद ऐकण्याआधी दोघांना समोरासमोर बसवले जाते. त्या न्यायालयात वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्कदेखील मानलेला नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. घरगुती दुःखाचे रूपांतर उलटतपासणीच्या कुस्तीत होऊ नये हाच त्यामागचा हेतू. जेथे असे न्यायालय स्थापन झालेले नाही, तेथे जिल्हा न्यायालय हे दावे ऐकते. परस्परसंमतीचा अर्जही हातोहात निकाली निघत नाही. अर्जापूर्वी विभक्त राहण्याची अट आहे (अधिनियमात ती दोन वर्षांची लिहिलेली आहे, केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एक वर्ष अशी वाचली, म्हणून आपल्या न्यायालयातला प्रघात वकिलाकडूनच समजून घ्यावा) आणि अर्जानंतरही साधारणतः सहा महिने विचाराला दिले जातात. ओसरीवरच्या बैठकीने एका संध्याकाळी संसार मोडला होता, हे येथे आठवावे.

खर्चाची सबबही पुष्कळदा अज्ञानातून येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते. मुलांनाही तोच हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज करावा लागतो. पोटगीसाठी तर घटस्फोट मागण्याचीही गरज नाही. पूर्वीचे १२५ वे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले आहे, पण काम तेच करते. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?' असे विचारून सुनेला बाहेर काढणाऱ्यांनी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा वाचावा. ती ज्या सामायिक घरात नांदली ते पतीच्या मालकीचे नसले तरी तिला तेथे राहण्याचे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. यातून तिला मालकी मिळत नाही, निवारा मिळतो. एवढाही देण्याची ज्यांची तयारी नसते, त्यांच्या घरात पवित्र हृदयाची तसबीर मात्र ठळक जागी असते.

आता वकिलांविषयी. मी त्यांचा भाट नव्हे. साध्या रुसव्याचे फौजदारी प्रकरण करून देणारे, जे घडले नाही ते अर्जात घालणारे आणि तारखांवर तारखा घेणारे वकील मी पाहिले आहेत. परंतु वाईट डॉक्टर असतात म्हणून आपण ताप अंगावर काढीत नाही. ख्रिस्तसभेने वकिलांचा आश्रयदाता म्हणून ज्या संताला मान दिला, तो ब्रिटनीचा संत इव्हो धर्मगुरूच होता. गरिबांची वकिली तो फुकट करी आणि जमेल तेथे दोन्ही पक्षांना कोर्टाबाहेर समेटास आणी. असा वकील मिळणे भाग्याचे. पण त्याच्या जवळपासचा शोधता येतो. पहिल्याच भेटीत जो विचारतो, 'तुम्हाला नक्की काय हवे आहे: वेगळे राहणे, खर्च, मुले की सुटका?' तो ऐकणारा आहे असे समजावे. जो पहिल्याच भेटीत 'तीन महिन्यांत मोकळे करतो' म्हणतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्यालाही तोच नमस्कार. बार कौन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही. फीचे आधी बोलून घ्यावे, पावती घ्यावी, वकीलपत्र वाचून सही करावी आणि कोऱ्या कागदावर सही कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. मग तो सांगणारा मामा असो वा फादर.

वकिलाकडे जाताना रडून मन मोकळे करण्यासाठी जाऊ नये. त्यासाठी आई आहे, सिस्टर आहेत, आम्ही आहोत. त्याच्याकडे कागद घेऊन जावे. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुके, पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, माहेरून आलेल्या सोन्याची यादी आणि शक्य तर पावत्या. काय कधी घडले ते तारीखवार दोन पानांत लिहून न्यावे. आणि त्याच्यापासून काही लपवू नये, विशेषतः स्वतःची चूक. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेले गुपित राखण्याचे बंधन कायद्यानेच वकिलावर घातले आहे. पापनिवेदनाची मोहोर आमच्यावर ख्रिस्तसभेने ठोकली आहे आणि ती आम्ही प्राणापलीकडे जपतो. परंतु भारताच्या पुरावा कायद्यात धर्मगुरूला असे संरक्षण स्वतंत्रपणे दिलेले नाही. म्हणून कोर्टात उपयोगी पडेल वा बाधेल अशी हकीकत माझ्या कचेरीत येऊन सांगण्यापेक्षा ती वकिलाला सांगणे अधिक शहाणपणाचे, असे मी येणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. काहींना त्याचा राग येतो.

दोन्ही पक्षांना एक गोष्ट मी तितक्याच कठोरपणे सांगतो. आठवी आज्ञा कोर्टाच्या दारात संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर मांडण्याचा दंडक घातला. वाडीचे उत्पन्न भावाच्या नावावर दाखवून 'माझ्यापाशी काही नाही' असे प्रतिज्ञापत्र करणारा पती आणि कधी न घडलेली मारहाण अर्जात लिहिणारी पत्नी, दोघेही खोटी साक्ष देतात. सासूवर, नणंदेवर, लग्न होऊन दूर गेलेल्या दिरावर सरसकट नावे घालण्याची रीत पडली आहे. तिच्यामुळे खऱ्या पीडितेचे म्हणणेही संशयाने ऐकले जाऊ लागले आहे. आणि पुरुषही सोसतात. मुलांचे तोंड महिनोन् महिने न दिसलेले बाप मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठीही वाट आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली मुलाचे हित हीच न्यायालयाची कसोटी असते, आणि मुलाला भेटण्याचा आदेश मागता येतो. मुलांना निरोप्या वा हेर बनवणारे आईबाप मात्र कोणत्याच कायद्याच्या आटोक्यात येत नाहीत.

आणखी एक विषय याच घरातला आहे, म्हणून त्याला स्पर्श करतो. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला जातो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. तरी आपल्या वाड्यांना सोन्याचा भाव आल्यापासून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई पाहावी! पुष्कळदा त्या सह्या बापाच्या महिन्याच्या मिस्सेला जमलेल्या असतानाच घेतल्या जातात. बहीण राजीखुशीने हक्क सोडीत असेल तर तिचा तो मोठेपणा. पण सही करण्यापूर्वी तिने स्वतःच्या वकिलाकडून कागद वाचून घ्यावा. भावाचा वकील भावासाठीच वाचतो.

आमच्या धर्मग्रामात विवाहाच्या घोषणा ज्या फळ्यावर लागतात, त्याच फळ्यावर विधी सेवा समितीचा पत्ता लावावा असे मी सुचवले, तेव्हा सभेत कुजबुज झाली. विवाहतयारीच्या शिबिरात वकिलाचा एक तास ठेवावा म्हटल्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'फादर, लग्नाआधीच हा अपशकुन कशाला?' मी त्यांना एवढेच विचारले की, घर बांधण्याआधी आपण सातबारा काढतो तो अपशकुन असतो काय. पत्ता फळ्यावर लागला आहे. वकिलाचा तास पुढच्या शिबिरापासून सुरू होईल. विवाहाची नोंदवही, तिच्यातल्या सहीचा अर्थ, घरात राहण्याचा हक्क, दोघांच्या नावाचे बँकखाते आणि मृत्युपत्र, एवढे विषय त्यात घ्यायचे ठरले आहे. ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी अवश्य यावे, मागच्या बाकावर बसावे आणि शेवटी प्रश्न विचारावेत.